अंडाशयाच्या कर्करोगात सीबीसीचा रिपोर्ट कसा वाचावा : एनएलआर, पीएलआर आणि त्यांचा नेमका अर्थ

अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या फाइलमध्ये बायोप्सी, सीटी स्कॅन आणि सीए-125 (या कर्करोगात बहुधा वाढणारे रक्तातील प्रथिन) यांचे कागद वर राहतात आणि सीबीसीचे, म्हणजे रक्तातील पेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट तळाशी जातात, कारण ती तपासणी साध्या तापापासून बाळंतपणापर्यंत प्रत्येक वेळी होतच असते. मात्र काही शे रुपयांत होणाऱ्या या तपासणीतील पेशींच्या आकड्यांवरून रुग्णाच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधता येतो का, यावर गेल्या वीसेक वर्षांत जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांतील एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, कोविडच्या काळात घरोघरी माहीत झाले आणि आता अनेक लॅब ते न मागताही रिपोर्टवर छापतात. छापलेला आकडा ठळक अक्षरांत दिसला की घरातील कोणीतरी तो इंटरनेटवर शोधतो आणि तिथे ‘आयुर्मान कमी’ असे काहीतरी वाचून रात्रभर जागा राहतो.

हा लेख अशा नातेवाइकांसाठी आणि वैद्यकीय किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ही गुणोत्तरे कशी काढायची, कोणत्या दिवसाचा रिपोर्ट धरायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. ही गुणोत्तरे रुग्णांच्या मोठ्या गटाविषयी काही सांगतात. समोरच्या एका बाईला किती वर्षे मिळतील, हे ती सांगत नाहीत. चुकीच्या दिवशीच्या रक्तावरून काढली, तर ती गटाविषयीही काही सांगत नाहीत, आणि व्यवहारात सर्वाधिक घोटाळा येथेच होतो.

आधी योग्य रिपोर्ट निवडावा

या विषयावरील बहुतेक अभ्यासांत उपचार सुरू होण्यापूर्वीचे रक्त धरलेले आहे, म्हणजे ऑपरेशन किंवा किमोचा पहिला डोस यांपैकी जे आधी झाले असेल, त्याच्याही आधीचे. म्हणून फाइलमधील सर्व सीबीसी तारखेनुसार लावावेत, त्यांवर ऑपरेशनची आणि प्रत्येक किमोची तारीख पेन्सिलने लिहावी आणि पहिल्या उपचाराच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांतील रिपोर्ट वेगळे काढावेत. असे दोन रिपोर्ट मिळाले तर उत्तम, कारण दोहोंत गुणोत्तर जवळपास सारखे आले तर त्या आकड्यावर थोडा अधिक विश्वास ठेवता येतो.

त्यानंतर त्या दिवशी रुग्णाची स्थिती काय होती, हे आठवून पाहावे. ताप, खोकला, लघवीचा संसर्ग, पिकलेली जखम यांपैकी काहीही असेल तर न्यूट्रोफिल वाढलेले असणारच. पोटातील पाणी काढले असेल, रक्त चढवले असेल किंवा एखादी छोटी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तेही नोंदवावे. डेंग्यूच्या हंगामात प्लेटलेट कमी आल्या असतील, तर त्यांचा कर्करोगाशी संबंध लावू नये.

स्टेरॉइडचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगावा लागेल, कारण तो वारंवार नजरेतून सुटतो. पॅक्लिटॅक्सेल हे किमोचे औषध देण्यापूर्वी ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेले न्यूट्रोफिल त्याच्यामुळे काही तासांतच प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर जातात. त्यामुळे रोगात काहीही बदल न होता गुणोत्तर दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी दिलेल्या फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम इंजेक्शनांनंतरचे आकडे तर या कामासाठी पूर्णपणे निरुपयोगी असतात. दमा किंवा संधिवातासाठी आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आकडे काढण्याची रीत

रीत समजण्यासाठी एक काल्पनिक रिपोर्ट घेऊ. हिमोग्लोबिन 10.2 ग्रॅम, एकूण पांढऱ्या पेशी प्रति घन मिलिमीटर 9,800, त्यांत न्यूट्रोफिल 78 टक्के, लिम्फोसाइट 14 टक्के, मोनोसाइट 6 टक्के, इओसिनोफिल 2 टक्के, आणि प्लेटलेट 4.86 लाख.

पहिली पायरी टक्क्यांचे प्रत्यक्ष संख्येत रूपांतर करण्याची आहे. 9,800 चे 78 टक्के म्हणजे 7,644 न्यूट्रोफिल, 14 टक्के म्हणजे 1,372 लिम्फोसाइट आणि 6 टक्के म्हणजे 588 मोनोसाइट. अनेक रिपोर्टवर या संख्या ‘ॲब्सोल्यूट’ या शीर्षकाखाली छापलेल्याच असतात. तशा असतील तर त्याच घ्याव्यात.

न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागले की एनएलआर मिळतो. येथे तो 7,644 भागिले 1,372, म्हणजे सुमारे 5.6 येतो. दोन्ही आकडे एकाच एकूण संख्येतून आलेले असल्यामुळे 78 ला थेट 14 ने भागले तरी उत्तर तेच येते. पीएलआरसाठी, म्हणजे प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांच्या गुणोत्तरासाठी, मात्र हा सोपा मार्ग चालत नाही. तेथे प्लेटलेटची पूर्ण संख्या लिम्फोसाइटच्या प्रत्यक्ष संख्येने भागावी लागते : 4,86,000 भागिले 1,372, म्हणजे सुमारे 354. आपल्याकडे काही लॅब प्लेटलेट लाखांत देतात, काही हजारांत आणि काही पूर्ण संख्येत, त्यामुळे 4.86, 486 आणि 4,86,000 हे तिन्ही एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. भागाकारापूर्वी एकक पाहिले नाही, तर उत्तर शंभर किंवा हजार पटींनी चुकते.

लिम्फोसाइटला मोनोसाइटने भागले की एलएमआर मिळतो. येथे तो सुमारे 2.3 आहे. इतर दोन गुणोत्तरे जास्त असणे प्रतिकूल मानले जाते, तर एलएमआर कमी असणे प्रतिकूल मानले जाते, एवढे लक्षात ठेवावे. एसआयआय नावाचा आणखी एक निर्देशांक आहे, जो 2014 मध्ये शांघायमधील संशोधकांनी यकृताच्या कर्करोगासाठी मांडला आणि नंतर इतर कर्करोगांत वापरून पाहण्यात आला. त्यासाठी हजारांत लिहिलेल्या प्लेटलेटना एनएलआरने गुणावे : 486 गुणिले 5.57, म्हणजे सुमारे 2,700. हे केवळ आधीच्याच तीन आकड्यांचे नवे मिश्रण आहे, त्यात नवी माहिती काहीही नाही, त्यामुळे त्याचा आकडा हजारांत आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

आता त्या 14 टक्क्यांकडे जरा जवळून पाहू. लहान लॅबमध्ये काचपट्टीवर रक्त पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली 100 पांढऱ्या पेशी हाताने मोजण्याची पद्धत अजूनही चालते. शंभरांत 14 लिम्फोसाइट दिसले, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरे प्रमाण सुमारे 8 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. म्हणजे त्याच नळीतील रक्त दुसऱ्या तंत्रज्ञाने मोजले आणि न्यूट्रोफिल 73, लिम्फोसाइट 19 असे आले, तर एनएलआर 5.6 वरून 3.8 वर उतरतो, आणि यात कोणाचीही चूक झालेली नसते. स्वयंचलित यंत्र हजारो पेशी मोजते, त्यामुळे त्याचा आकडा अधिक स्थिर असतो. म्हणून रिपोर्ट कोणत्या पद्धतीने काढला आहे, हे लॅबला विचारावे आणि दोन रिपोर्टची तुलना करायची असेल तर ते शक्यतो एकाच लॅबचे असावेत. मोनोसाइट मुळातच थोडे असल्याने हाताने मोजलेल्या रिपोर्टवरून काढलेल्या एलएमआरवर मी तरी विसंबणार नाही.

प्लेटलेट अनपेक्षितपणे कमी आल्या, तर आणखी एक शक्यता तपासावी. सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते आणि काही व्यक्तींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्राला ते गठ्ठे मोजता येत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. काचपट्टी पाहून किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन ही शंका फिटते.

या आकड्यांमागे शरीरात काय घडते

प्लेटलेटची गोष्ट या सर्वांत अधिक स्पष्टपणे उलगडलेली आहे. अमेरिकेतील संशोधकांनी 2012 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या 619 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निदानाच्या वेळी 31 टक्के रुग्णांच्या प्लेटलेट साडेचार लाखांहून अधिक होत्या. या स्त्रियांमध्ये रोग पुढच्या टप्प्यात असण्याचे प्रमाण जास्त होते आणि त्यांचे आयुर्मान तुलनेने कमी होते. गाठीतील पेशी इंटरल्यूकिन-6 हा संदेशवाहक पदार्थ तयार करतात, त्याच्यामुळे यकृतात थ्रॉम्बोपॉएटिन वाढते आणि त्याच्या हुकमावरून अस्थिमज्जा अधिक प्लेटलेट तयार करते, अशी ही साखळी आहे. वाढलेल्या प्लेटलेट पुन्हा गाठीच्या वाढीस हातभार लावतात, असेही प्रयोगांत दिसले.

न्यूट्रोफिल हे शरीरातील दाहाचे निदर्शक आहेत, तर लिम्फोसाइटमध्ये कर्करोगाच्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशी येतात. अंडाशयाच्या कर्करोगात टी पेशींचे महत्त्व 2003 मधील एका अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले : 186 नमुन्यांच्या त्या अभ्यासात ज्यांच्या गाठीच्या आत टी पेशी आढळल्या, त्यांच्यापैकी 38 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, आणि ज्यांच्या गाठीत त्या आढळल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण 4.5 टक्के होते. अर्थात गाठीतील टी पेशी आणि रक्तातील लिम्फोसाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातील संख्येवरून गाठीत काय चालले आहे, याचा अंदाज फार धूसर येतो.

एनएलआर मुळात कर्करोगासाठी पुढे आलेला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. स्लोव्हाकियातील डॉक्टर झाहोरेक यांनी 2001 मध्ये तो अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या शरीरावर किती ताण आहे, हे पाहण्यासाठी मांडला होता. शरीरावर कोणताही मोठा ताण आला, तरी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. त्यामुळे वाढलेला एनएलआर पाहून ‘कर्करोग असेल का’ असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. निदानासाठी या गुणोत्तराचा उपयोग नाही.

आपल्याकडे दोन कारणांनी जास्त सावध राहावे लागते. पहिले कारण लोहाची कमतरता. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांत ॲनिमिया आढळला, आणि लोह कमी असले की प्लेटलेट वाढतात, मग कर्करोग असो वा नसो. म्हणून प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर असतील आणि हिमोग्लोबिन व एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) दोन्ही कमी असतील, तर फेरिटिनची (शरीरातील लोहाच्या साठ्याची) तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. तो आकडा वाचताना मात्र दाहामुळे फेरिटिन खोटेच वाढलेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते. दुसरे कारण पोटाचा क्षयरोग. त्यात पोटात पाणी होते, सीए-125 वाढते, प्लेटलेट वाढतात आणि स्कॅनवरही चित्र अंडाशयाच्या कर्करोगासारखे दिसू शकते. रक्ताचे सर्व आकडे ‘कर्करोगासारखे’ असूनही गाठीचा किंवा पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

किती म्हणजे जास्त?

निरोगी प्रौढांमध्ये एनएलआर सुमारे 0.8 ते 3.5 या मर्यादेत असतो, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. विविध गाठींच्या कर्करोगांवरील 100 अभ्यास आणि 40,559 रुग्ण एकत्र करून 2014 मध्ये झालेल्या विश्लेषणात निरनिराळ्या अभ्यासांनी वापरलेल्या सीमारेषांचा मध्य 4 होता, आणि त्या रेषेच्या वरील रुग्णांत मृत्यूचा हॅझार्ड रेशो 1.81 आला. या आकड्याचा अर्थ नीट लावावा. आयुष्य 81 टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. अभ्यासाच्या काळात कोणत्याही वेळी वरच्या गटातील मृत्यूचा वेग खालच्या गटाच्या 1.81 पट होता, एवढेच तो सांगतो. दोन्ही गटांत दीर्घकाळ जगणाऱ्याही होत्या आणि लवकर गेलेल्याही होत्या.

अंडाशयाच्या कर्करोगासाठी सर्वमान्य अशी एकच सीमारेषा नाही. वेगवेगळ्या अभ्यासांनी वेगवेगळ्या रेषा धरल्या आणि अनेकदा ती रेषा त्याच रुग्णांच्या माहितीतून अशी निवडली गेली की दोन गटांतील फरक जास्तीत जास्त दिसावा. आधी बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढण्यासारखाच हा प्रकार आहे. म्हणून एखादा शोधनिबंध वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात : सीमारेषा आधी ठरवली होती की नंतर, ती दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णांवर पडताळली का, आणि रोगाचा टप्पा व ऑपरेशननंतर उरलेली गाठ यांचा हिशेब धरल्यावरही गुणोत्तराचा परिणाम टिकला का. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रोग पोटभर पसरलेला असेल, तर पाणीही जास्त, दाहही जास्त आणि प्लेटलेटही जास्त असतात. अशा वेळी गुणोत्तर आपल्याला टप्प्याचीच माहिती दुसऱ्या शब्दांत सांगत असते.

या आकड्याला किती वजन द्यावे

आपल्या उदाहरणातील 5.6 हा एनएलआर, 354 हा पीएलआर आणि 4.86 लाख प्लेटलेट हे एकत्र पाहता शरीरात दाह बराच आहे, एवढे म्हणता येते. परंतु पुढचा अंदाज बांधताना डॉक्टर ज्या गोष्टींना खरे महत्त्व देतात, त्या वेगळ्या आहेत : रोगाचा टप्पा, गाठीचा प्रकार, ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसणारी सर्व गाठ काढता आली का, बीआरसीए जनुकातील बदल, आणि प्लॅटिनमवर आधारलेल्या किमोला मिळालेला प्रतिसाद. शेवटची किमो संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत रोग उलटला की नंतर उलटला, यावरही पुढील उपचार बराच काळ ठरत आले आहेत. एनएलआर जास्त आहे म्हणून ऑपरेशन टाळणे, किमो बदलणे किंवा उपचार थांबवणे योग्य नाही, आणि तो कमी आहे म्हणून पुढच्या तपासण्यांत चालढकल करणेही योग्य नाही. गुणोत्तर खाली आणण्यासाठी काढे, रस किंवा पूरक गोळ्या घेण्यात काहीच अर्थ नाही. काही काढ्यांचा यकृतावर आणि किमोच्या औषधांवर परिणाम होऊ शकतो, तो तोटा मात्र खरा असतो.

याच सीबीसीतील आकड्यांचा एक उपयोग मात्र प्रत्यक्ष उपचारात होतो आणि तो एनएलआरइतका प्रसिद्ध नाही. किमोच्या रुग्णांत पायातील किंवा फुप्फुसातील रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोजण्यासाठी 2008 मध्ये मांडलेला खोराना स्कोअर वापरतात. त्यात स्त्रीरोगविषयक कर्करोगाला 1 गुण, प्लेटलेट साडेतीन लाख किंवा अधिक असल्यास 1, हिमोग्लोबिन 10 पेक्षा कमी असल्यास किंवा ते वाढवणारी एरिथ्रोपॉएटिनसारखी इंजेक्शने चालू असल्यास 1, पांढऱ्या पेशी 11,000 हून अधिक असल्यास 1 आणि बीएमआय 35 किंवा अधिक असल्यास 1 गुण मिळतो. आपल्या उदाहरणातील रुग्णाचे वजन बेताचे आहे आणि तिला अशी इंजेक्शने चालू नाहीत असे धरले, तर तिला रोगासाठी 1 आणि प्लेटलेटसाठी 1 असे 2 गुण मिळतात. दोन किंवा अधिक गुण असतील, तर रक्त पातळ करणारे औषध द्यावे का, याचा विचार डॉक्टर रक्तस्रावाचा धोका पाहून करतात. म्हणून भेटीच्या वेळी ‘एनएलआर किती वाईट आहे’ हे विचारण्याऐवजी ‘गुठळीचा धोका पाहिला आहे का’ हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर स्कोअर कितीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचार सुरू झाल्यानंतर

किमो सुरू झाल्यावर सीबीसी दर वेळी होते, परंतु तिचा हेतू बदलतो. पॅक्लिटॅक्सेलमुळे न्यूट्रोफिल साधारण दुसऱ्या आठवड्यात तळ गाठतात, कार्बोप्लॅटिनमुळे प्लेटलेट तिसऱ्या आठवड्यापर्यंत उतरत राहतात. अशा रक्तावरून काढलेला एनएलआर किंवा पीएलआर कमी आला, तर ती सुधारणा नसते. औषधाने अस्थिमज्जेवर केलेला तो परिणाम असतो. पुढे पार्प-प्रतिबंधक (कर्करोगाच्या पेशींतील डीएनएची दुरुस्ती रोखणाऱ्या) गोळ्या सुरू झाल्या तर ओलापारिबने हिमोग्लोबिन आणि निरापारिबने प्लेटलेट खाली येऊ शकतात. मोठ्या ऑपरेशनमध्ये प्लीहा काढावी लागली असेल, तर त्यानंतर प्लेटलेट पुष्कळ वाढतात आणि ही वाढ म्हणजे रोग उलटल्याची खूण नाही. रोग उतरत आहे का, हे पाहण्यासाठी स्कॅन आणि सीए-125 यांच्याकडे पाहावे. पहिल्या शंभर दिवसांत सीए-125 किती वेगाने घटते, यावरून किमोच्या परिणामाचा अंदाज घेणारी केलिम नावाची पद्धतही आता उपलब्ध आहे.

या टप्प्यावर रिपोर्टवर दोनच आकडे आधी पाहावेत : न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या आणि प्लेटलेट. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलची पुढची फेरी देण्यासाठी साधारणपणे न्यूट्रोफिल 1,500 आणि प्लेटलेट एक लाख असावे लागतात, म्हणून फेरीच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट सोबत ठेवावा. न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेलेले असताना 101 अंश फॅरनहाइट ताप एकदा जरी आला, किंवा 100.4 अंशांचा ताप तासभर टिकला, तर ती तातडीची स्थिती समजावी. अशा वेळी घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, शेवटच्या किमोची तारीख लिहिलेला कागद घेऊन रात्री-अपरात्रीही थेट रुग्णालयात जावे.